विश्वामित्रीची पूररेषा आधी जमिनीवर आखा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याचा वाढता विस्तार, नवे उड्डाणपूल, बुलेट ट्रेनचे स्थानक आणि विश्वामित्री नदीचे खोलीकरण यांविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येत असतात. त्या वाचताना जाणवते, की रस्त्याची बातमी वेगळी येते, नदीची वेगळी आणि नव्या टीपी स्कीमची (नगररचना योजनेची) आणखी वेगळी. कामेही तशीच सुटी आखली जातात. पावसाचे पाणी शहरातून कोणत्या वाटेने वाहते, कोठे थांबते आणि कोठे पसरते, याचा एकच नकाशा समोर ठेवून बाकीची कामे त्यावर बसवावीत, अशी रीत दिसत नाही. म्हणून माझी मागणी मी सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. विश्वामित्री, तिची कोतरे (काठच्या घळी) आणि तिला मिळणारे कांस (पावसाळी ओढे) यांची पूररेषा जमिनीवर खांब रोवून आखली जावी, ती कोणाही नागरिकाला पाहता यावी, आणि ती आखून होईपर्यंत त्या पट्ट्यात नवा भराव टाकण्यास परवानगी मिळू नये.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडा भूगोल सांगणे आवश्यक आहे. विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते, बडोदे शहरातून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात पोहोचते. तिच्या एका बाजूस मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार ही जुनी वस्ती आहे, तर दुसऱ्या बाजूस सयाजीगंज, अलकापुरी आणि अकोटा. शहराच्या मधोमध ती कमाटीबागेतून जाते. शहराच्या पूर्वेस आजव्याचे सयाजी सरोवर आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधून घेतले, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही बडोद्याचा मोठा भाग त्याचे पाणी पितो. पावसाळ्यात त्या सरोवराची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की जादा पाणी विश्वामित्रीत उतरते. त्यामुळे आषाढ-श्रावणात बडोदेकराचे लक्ष दोन आकड्यांकडे लागलेले असते, एक आजव्याच्या पातळीकडे आणि दुसरा काळा घोडा पुलाशी मोजल्या जाणाऱ्या नदीच्या पातळीकडे.

काळा घोड्याशी २६ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तेथे पाणी ३५ फुटांच्या वर गेले. समा, कारेलीबाग, फत्तेगंज, अकोटा, वडसर, कलाली या भागांतील अनेक सोसायट्यांचे तळमजले पाण्याखाली गेले, वीज गेली, पिण्याचे पाणी मिळेना, आणि लोकांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर लष्करालाही बोलवावे लागले. त्याआधी ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात झालेल्या प्रचंड पावसाने असाच हाहाकार माजवला होता. १९२७ च्या पुराची आठवण जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली आहे. म्हणजे पूर बडोद्याला नवा नाही. परंतु पूर्वी पुराचे पाणी जेथे पसरत असे, त्या कोतरांत, तलावांत आणि सखल शेतांत आता घरे आहेत. पाऊस अतोनात पडला हे खरे असले, तरी पसरायला जागा न उरल्याने तेच पाणी अधिक उंच चढते, हेही तितकेच खरे आहे.

मोठ्या नदीविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, पण लहान प्रवाहांविषयी फारसे कोणी बोलत नाही. पावसाळी ओढ्याला बडोद्यात कांस म्हणतात. उत्तरेस छाणी, निझामपुरा या बाजूने येणारा भूखी कांस, पश्चिमेकडचा मसिया, पूर्वेकडचा रूपारेल, ही नावे जुन्या बडोदेकरांना पाठ आहेत. उन्हाळ्यात ते कोरडे असतात, आणि हाच त्यांचा घात आहे. वर्षातले आठ महिने ज्यात पाणी दिसत नाही, ती जागा पाहणाऱ्याला रिकामी वाटते. मग तिच्या कडेला भिंत येते, भिंतीच्या आत भराव येतो, पुढे कांस सिमेंटच्या बंदिस्त पेटीत घातला जातो आणि वरून रस्ता काढला जातो. उघड्या कांसात गाळ साचला तर तो दिसतो, काढता येतो. बंद पेटीत तो दिसत नाही, आणि जोराच्या सरीत वाहून आलेले प्लास्टिक तोंडाशी अडकले की पेटी असून नसल्यासारखी होते. शिवाय नदी फुगलेली असताना कांसाचे पाणी नदीत शिरू शकत नाही. ते मागे हटते आणि नदीपासून बऱ्याच दूर असलेल्या सोसायटीत चढते. तेथील रहिवाशाला वाटते, की आपण तर नदीकाठी राहत नाही, मग पाणी आले कोठून? ते त्याच्या घरामागच्या कांसातून आलेले असते, आणि घर घेताना त्या कांसाची नोंद त्याला कोणी दाखवलेली नसते.

तलावांची गोष्टही याला जोडूनच आहे. सूरसागरचे उदाहरण घ्यावे. शहराच्या मध्यभागी असलेल्या या तलावाला भुयारी दारे आहेत, आणि तो भरून वाहू लागला की त्यातील पाणी त्या दारांतून विश्वामित्रीकडे सोडता येते. तलाव, दारे, वाट आणि नदी हे सर्व एकाच वेळी विचारात घेऊन केलेली ती रचना आहे. आज सुशोभीकरणाच्या कामात तलावाभोवती पदपथ, दिवे आणि कठडे होतात, ते चांगलेही दिसतात. परंतु तलावात पाणी आणणाऱ्या आणि तेथून नेणाऱ्या वाटा मोकळ्या आहेत की नाहीत, हे त्या कामाच्या अंदाजपत्रकात असते का, हा प्रश्न नागरिकांनी विचारला पाहिजे.

आता शहराच्या बाहेरच्या वाढीकडे येतो, कारण खरा निर्णय तेथे होणार आहे. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा अशी गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. कालपर्यंत जेथे शेती होती, तेथे टीपी स्कीमा पडत आहेत. टीपी स्कीम ही पद्धत मुळात चांगली आहे आणि तिचे मूळ मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या कायद्यात आहे. शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून, त्यांतून रस्ते, बागा, शाळा यांसाठी काही हिस्सा काढून घेऊन, उरलेली जमीन नीट आखलेल्या अंतिम भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत दिली जाते. सक्तीच्या भूसंपादनापेक्षा ही रीत कितीतरी न्याय्य आहे, आणि गुजरातने ती टिकवली याचे श्रेय दिलेच पाहिजे. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. गुजरातचा १९७६ चा नगररचना कायदा टीपी स्कीममध्ये कोणकोणती कामे घेता येतात ते सांगतो. त्यात पावसाच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा निचरा आहे. आणि त्याच यादीत सखल, दलदलीच्या जमिनी भरून काढणे आणि जमीन सपाट करणे हेही आहे. ज्या काळात ही भाषा कायद्यात आली, त्या काळी सखल जमीन म्हणजे डास आणि हिवताप असा समज होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. आज मात्र तीच सखल जमीन पावसाळ्यातील चार दिवस शहराचे पाणी सांभाळते. कायद्याने दोन्ही कामांची मुभा दिली असल्यामुळे नगररचनाकार कांस राखून ठेवू शकतो आणि बुजवूही शकतो. कोणता पर्याय निवडला जातो, हे त्या त्या स्कीमचा नकाशा हरकतींसाठी लावला जातो तेव्हाच ठरते, आणि नेमक्या त्याच वेळी तेथे राहायला येणारी माणसे अजून आलेली नसतात. हरकत कोण घेणार? जमीनमालकाला अंतिम भूखंड जितका मोठा आणि सपाट मिळेल तितका हवा असतो, यात त्याचा दोष नाही. म्हणूनच टीपी स्कीमच्या प्राथमिक नकाशावर कांस, तलाव आणि कोतरे यांची मूळ रुंदी मोजून दाखवणे आणि तो पट्टा बागेसाठी अथवा मोकळ्या जागेसाठी राखणे बंधनकारक केले पाहिजे. बागेसाठी जमीन काढलीच जाते. ती कांसाच्या काठाने लांबट पट्ट्यात काढली, तर एकाच जमिनीत बाग आणि पाण्याची वाट दोन्ही बसतात, आणि जमीनमालकाची कपातही वाढत नाही.

रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या भरावांचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. बडोद्याच्या पूर्वेकडून राष्ट्रीय महामार्ग जातो, शहरातून मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्ग जातो, उत्तरेकडे अहमदाबादचा द्रुतगती मार्ग आहे, आणि आता दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग व बुलेट ट्रेन यांची भर पडत आहे. हे सर्व मार्ग आवश्यक आहेत. बडोद्यातील तरुणांना त्यांमुळे रोजगार मिळणार आहे आणि मी त्यांच्या विरोधात नाही. परंतु उताराच्या आडवा घातलेला प्रत्येक भराव हा पाण्याच्या दृष्टीने बंधारा असतो, आणि त्यातील मोऱ्या किती रुंद आहेत यावर मागच्या गावांचे आणि सोसायट्यांचे भवितव्य ठरते. एकेका मार्गाची मोरी त्या त्या मार्गापुरती हिशेबात बरोबर असेलही. मात्र एकाच ओढ्यावर ओळीने तीन-चार मोऱ्या, निरनिराळ्या खात्यांनी निरनिराळ्या वर्षी बांधलेल्या असतील, तर त्यांतील सर्वांत अरुंद मोरी बाकी सर्वांची क्षमता ठरवते. या सर्व मोऱ्यांचा एकत्र हिशेब करणारे कार्यालय एकच असले पाहिजे. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालील भुयारी रस्त्यात) दर पावसाळ्यात पाणी भरते आणि शहराचे पूर्व-पश्चिम दळणवळण अडते, हे बडोदेकरांनी इतके गृहीत धरले आहे, की त्याची बातमीही आता छोट्या चौकटीत येते.

उड्डाणपुलांविषयीही थोडे लिहितो. गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा पूल डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्याने अनेकांचा रोजचा वेळ वाचला आहे आणि मी स्वतः त्याचा लाभ घेतो. तरीही अशा प्रत्येक पुलाबरोबर पावसाचे पाणी पन्हळ्यांनी खालच्या रस्त्यावर सोडले जाते, आणि खालच्या रस्त्याची गटारे पूल नव्हता त्या काळच्या पाण्यासाठी असतात. पुलाच्या खर्चात खालच्या निचऱ्याचा खर्च धरलाच पाहिजे.

याहून लहान, पण रोज घडणारी बाब म्हणजे रस्त्यांची वाढती उंची. डांबरी रस्ता खराब झाला की जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकला जातो. दहा-पंधरा वर्षांत असे तीन-चार थर चढले, की रस्ता घराच्या जोत्याच्या बरोबरीला येतो आणि मग जोत्याच्याही वर जातो. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा येथील जुन्या मराठी वाड्यांना पूर्वी तीन-चार पायऱ्या चढून जावे लागे. आज त्यांपैकी काही वाड्यांत पायरी उतरून जावे लागते. बांधणाऱ्याने जोते उंच ठेवले होते ते शहाणपणाने, आणि पुढे रस्ता वाढत गेल्याने ते शहाणपण वाया गेले. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते घर पाडून उंच जोत्यावर नवे बांधतात, आणि त्यामुळे शेजारचे घर आणखी खोलात जाते. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर टाकू नये, एवढी एक अट प्रत्येक निविदेत असली, तरी जुन्या शहराला मोठा दिलासा मिळेल. खरवडण्याची यंत्रे उपलब्ध आहेत आणि मोठ्या रस्त्यांवर ती वापरली जातात. गल्लीबोळांतही ती आली पाहिजेत. पेव्हर ब्लॉकचेही तसेच आहे. पूर्वी सोसायटीच्या अंगणात मुरणारे पाणी आता थेट रस्त्यावर येते, आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट भरल्यामुळे ती झाडे पहिल्या वादळात आडवी होतात.

२०२४ च्या पुरानंतर शासनाने विश्वामित्रीकडे लक्ष दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातून जाणाऱ्या सुमारे २४ किलोमीटर पात्राचे खोलीकरण आणि रुंदीकरण मोठ्या वेगाने हाती घेण्यात आले. आजवा आणि प्रतापपुरा या जलाशयांतही गाळ काढण्यात आला. वर्षानुवर्षे पात्रात टाकलेला बांधकामाचा राडारोडा निघाला, ते योग्यच झाले. माझी चिंता पुढील गोष्टींविषयी आहे. पात्र मधल्या भागात कितीही रुंद केले, तरी जुन्या पुलांच्या कमानींपाशी आणि पुढे ढाढरच्या संगमाकडे जेवढी वाट असेल तेवढेच पाणी जाणार. शहरातून पाणी लवकर पुढे ढकलले, तर खालच्या गावांत ते अधिक वेगाने आणि एकाच वेळी पोहोचेल, आणि त्या गावांचा आवाज बडोद्याच्या तुलनेत फार क्षीण आहे. वळणे, कोतरे आणि झाडीचे काठ ही नदीची दिरंगाई नाही; पाणी हळूहळू सोडण्याची तिची ती व्यवस्था आहे.

या नदीत मगरी आहेत, आणि शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी असण्याचे असे उदाहरण देशात दुसरे सहज सापडणार नाही. २०२५ च्या आरंभी झालेल्या गणनेत त्यांची संख्या चारशेहून अधिक भरली. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मगरीला सर्वोच्च संरक्षण आहे. ती मातीच्या काठात बीळ करते, उन्हाळ्यात अंडी घालते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. नेमक्या त्याच महिन्यांत काठावर यंत्रे चालतात. पुराच्या वेळी मगरी सोसायट्यांत आल्या म्हणून भीती पसरते, ती स्वाभाविक आहे, पण ज्या काठात तिचे बीळ होते तो काठच उरला नाही तर ती जाणार कोठे? मगरीला राहण्यासाठी जो उतरता, मुळांनी बांधलेला मातीचा काठ लागतो, तोच पुरातही धसत नाही आणि पाणी जिरवतो. काँक्रीटच्या उभ्या भिंती यांपैकी काहीच करीत नाहीत. बडोद्याच्या नदीला अहमदाबादच्या साबरमतीसारखे रूप द्यावे अशी इच्छा अनेकदा बोलून दाखवली जाते. साबरमतीचे पात्र विस्तीर्ण आहे, विश्वामित्री अरुंद आणि वळणांची आहे. एकीचा आराखडा दुसरीला लागू पडणार नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या काठांच्या सुशोभीकरणावरून जो वाद चालू आहे, तो आपल्या वाचकांना ठाऊक असल्याने त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २५ मे २०२१ च्या आदेशात विश्वामित्रीच्या पूरक्षेत्राची सीमा निश्चित करणे, अतिक्रमणे रोखणे आणि नदीसाठी कृती आराखडा राबवणे यांविषयी निर्देश दिलेले आहेत. तेव्हा मी मागतो आहे ते काही नवे नाही. या कामात महाराष्ट्राचा अनुभव बडोद्याला उपयोगी पडेल, आणि हे पत्र मराठी दैनिकाला लिहिण्याचे एक कारण तेच आहे. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, असा हा हिशेब कोल्हापूर-सांगलीच्या सामान्य माणसालाही आता माहीत आहे. निळ्या रेषेच्या आत तेथेही बांधकामे झाली, आणि २०१९ च्या महापुरात त्याचे परिणाम लोकांनी भोगले, हे मला ठाऊक आहे. तरीसुद्धा रेषा कागदावर असली तर घर घेणारा विचारू शकतो, बँक कर्ज देताना विचारू शकते, आणि कोणी मोडली तर न्यायालयात दाद मागता येते. बडोद्यात सोसायटीची माहितीपुस्तिका हाती देणारा विकासक तरणतलाव आणि जिम दाखवतो. त्याच पुस्तिकेत पूररेषेपासूनचे अंतर छापणे सक्तीचे का नसावे?

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. रेषा आखली की तिच्या आतील घरांच्या किमती पडतील, आणि ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून रीतसर परवानगीचे घर घेतले, त्यांच्यावर अन्याय होईल. हा आक्षेप खरा आहे. माझे अनेक शेजारी त्याच स्थितीत आहेत. म्हणून जुन्या, परवानगीप्राप्त घरांना हात लावू नये. पुनर्बांधणीच्या वेळी तळमजला मोकळा ठेवून वर तेवढेच क्षेत्र बांधण्याची सवलत त्यांना द्यावी. विजेचे मीटर आणि पाण्याचे पंप वर घेण्यासाठी मदत करावी. झोपडपट्टीतील कुटुंबांना हलवायचे असेल, तर कामाच्या ठिकाणापासून जवळ पर्यायी घर दिल्यानंतरच हलवावे. परंतु जे बांधलेलेच नाही, ते यापुढे पाण्याच्या वाटेत बांधू देऊ नये, यात कोणावरही अन्याय नाही.

रेषा आखण्यासाठी लागणारी माहिती मोठ्या प्रमाणात लोकांकडेच आहे. २०१९ आणि २०२४ मध्ये पाणी कोठपर्यंत चढले, याच्या खुणा हजारो भिंतींवर आहेत, आणि रंगकाम झाले की त्या पुसल्या जातील. प्रत्येक प्रभागात नागरिकांकडून या खुणांची उंची नोंदवून घेण्याचे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना देता येईल. महाराजा सयाजीराव विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी आणि भूगोल हे दोन्ही विभाग आहेत, ते नदीपासून फार दूरही नाहीत. सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या खंडेराव मार्केटच्या इमारतीत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. तेथील दर्शनी भागात हा नकाशा मोठ्या आकारात लावावा, प्रभाग कार्यालयांत त्या त्या भागाचा लावावा, आणि गुजरातीबरोबर मराठी व हिंदीतही त्यावरील मजकूर असावा. हे सर्व येत्या मृग नक्षत्रापूर्वी होण्यासारखे आहे. तोपर्यंत भूखी, मसिया आणि रूपारेल या तीन कांसांच्या दोन्ही काठांवर निदान खांब रोवावेत आणि नव्या टीपी स्कीमांच्या नकाशांवर त्यांची मूळ रुंदी दाखवावी, अशी माझी संबंधित अधिकाऱ्यांना विनंती आहे. आपल्या दैनिकाने बडोद्याच्या प्रतिनिधीमार्फत या तीन कांसांची उगमापासून संगमापर्यंत पाहणी करून ती छायाचित्रांसह प्रसिद्ध करावी, अशी आपल्यालाही विनंती करतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक
कारेलीबाग, बडोदे